बोनेअरचा समुद्र: आपल्या जाण्याने तो जगतो की झिजतो?

निळाई
मंडळी, मार्चमध्ये बोनेअरला जाऊन आले. दुसऱ्यांदा. पहिल्यांदा गेलो होतो २०१६ मध्ये. ज्यांना बेट माहीत नाही त्यांच्यासाठी: कॅरिबियन समुद्रात, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून साधारण ८० किलोमीटरवर, २८८ चौरस किलोमीटरचं कोरडं, निवडुंगांचं बेट. २०१० पासून ते नेदरलँड्सची विशेष नगरपालिका आहे. आम्ही आइंडहोवनला राहतो, त्यामुळे कागदोपत्री ते आमच्या देशातच. विमानात मात्र दहा-अकरा तास बसावं लागतं.

तिथली गंमत अशी, की डाइव्हसाठी, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरायला, बोट लागतच नाही. पिकअप गाडीत टाक्या टाकायच्या, किनाऱ्याच्या रस्त्याने जायचं. कडेला पिवळे रंगवलेले दगड असतात, त्यांवर जागेचं नाव लिहिलेलं. आवडेल त्या दगडापाशी थांबायचं, साज चढवायचा आणि चालत पाण्यात शिरायचं. काही मीटरवर प्रवाळाचा उतार सुरू होतो.

२०१६ मध्ये अशाच एका जागी, दहाएक मीटरवर, मेंदूसारख्या वळ्यांचं एक मोठं प्रवाळ होतं. गोल, बैठं, अंगभर छिन्नीने टाकी लावल्यासारखे चर. आम्ही त्याला 'जातं' म्हणायचो, कारण आजीच्या घरचं जातं डोळ्यांसमोर यायचं. यंदा मुद्दाम त्याच दगडापाशी गाडी लावली. जातं जागेवर होतं. पण मेलेलं. राखाडी, वर शेवाळाची लव. मी त्याच्यासमोर तशीच थांबून राहिले, शेवटी नवऱ्याने हवेचा काटा दाखवला तेव्हा भान आलं.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. बोनेअरचा सगळा किनारा भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंत संरक्षित आहे. समुद्रात उतरणारा प्रत्येक पाहुणा वर्षाचे ४० डॉलर निसर्गशुल्क भरतो. आम्हीही भरले. मग आपल्या जाण्याने त्या समुद्राचं भलं होतं की आपणही त्याला झिजवतो? पुन्हा जावं का? मनापासून विचारते आहे.

वाटसरू
हे बेट पहिल्यांदाच कळलं. जात्याचं वाचून वाईट वाटलं. जाणकारांच्या प्रतिसादांच्या प्रतीक्षेत. वाचनखूण साठवली.

खोलपाणी
निळाई, तुमचा प्रश्न बोनेअरच्या लोकांनी फार आधी स्वतःला विचारला होता. मी १४ वर्षं डाइव्हिंग शिकवतो, आणि नव्या मुलांना या बेटाची गोष्ट आवर्जून सांगतो.

१९६१ मध्ये तिथे कासवांची अंडी नि घरटी यांना संरक्षण मिळालं. १९७१ मध्ये पाण्याखाली भाल्याने मासे मारायला बंदी आली. १९७५ मध्ये प्रवाळ तोडणं, जिवंत असो वा मेलेलं, बेकायदा ठरलं. काळ बघा. त्या काळात बाकी जगात डायव्हर म्हणजे हातात भाला, अशीच ओळख होती. कॅप्टन डॉन स्टुअर्ट १९६२ मध्ये आपलं शिडाचं जहाज घेऊन बोनेअरला आला आणि तिथलाच झाला. तो स्वतः आधी भाल्याने शिकार करणारा. पुढे त्यानेच भाला टाकला आणि बोटींनी नांगर टाकू नये म्हणून पक्क्या बोयांसाठी, म्हणजे बोट बांधायच्या तरंगत्या पिंपांसाठी, आयुष्य घातलं. २०१४ मध्ये तो गेला, पण आजही तिथे कुणी प्रवाळावर नांगर टाकत नाही.

१९७९ मध्ये सागरी उद्यान झालं. आणि आता महत्त्वाचं: सुरुवातीचा निधी संपल्यावर, ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून, ते उद्यान नुसतं कागदावर उरलं. गस्त नाही, पगार नाही, बोयांची डागडुजी नाही. १९९१ च्या सुमारास त्यात पुन्हा जीव ओतला गेला, आणि १९९२ पासून प्रत्येक डायव्हरकडून १० डॉलर घ्यायला सुरुवात झाली. त्या पैशावर उद्यान स्वतःच्या पायावर उभं राहिलं. तुमच्या ४० डॉलरची पाळंमुळं तिथे आहेत. रखवालदाराचा पगार त्यातून निघतो. म्हणून माझं उत्तर सरळ आहे: जा.

सागरगोटा
@खोलपाणी, इतिहास उत्तम सांगितलात, पण मला पटलं नाही. भाला बंद झाला, नांगर बंद झाला, मान्य. पण जातं भाल्याने मेलं का? पाणी तापलं म्हणून प्रवाळ मरतात, आणि पाणी तापतं ते धुराने. आइंडहोवनहून तिथवर विमानाने जायचं आणि वर ४० डॉलर देऊन मन शांत करायचं, यात समुद्राच्या पदरात काय पडलं? मी स्वतः तीन वर्षांपासून लांबच्या सहली बंद केल्यात. निळाई, तुम्हाला दुखवायचं नाही. तुम्ही प्रामाणिकपणे विचारलंत म्हणून प्रामाणिकपणे लिहिलं.

निळाई
@सागरगोटा, दुखावले नाही. हेच ऐकायची तयारी ठेवून धागा काढला.

प्रवाळवेडी
जातं कशाने मेलं, ते आधी बघू. निळाई, कडा कशा दिसत होत्या? काही वळ्या अजून रंगीत होत्या का?

निळाई
एका बाजूला तळहाताएवढा तुकडा रंगीत होता. त्याच्या कडेने पांढरा पट्टा, आणि मग सगळं राखाडी.

प्रवाळवेडी
मग बहुधा रोगच. नुसतं पाणी तापलं तर प्रवाळ सगळीकडून फिकट होतं. त्याच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं त्याला अन्न देतात आणि रंगही. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी अंशभर जरी जास्त राहिलं आणि तसंच काही आठवडे टिकलं, की प्रवाळ त्या शैवालांना बाहेर टाकतं. पांढरं पडतं, पण लगेच मरत नाही. पाणी निवलं तर सावरतं.

तुम्ही सांगता तो पांढरा पट्टा मात्र ऊती गळून पडण्याच्या रोगाचा वाटतो. हा रोग २०१४ मध्ये फ्लोरिडात पहिल्यांदा दिसला. मग एकेक बेट करत कॅरिबियनभर पसरला आणि २०२३ मध्ये बोनेअरला पोचला. वीसहून जास्त जातींच्या कठीण प्रवाळांना तो होतो, आणि मेंदूसारखी प्रवाळं आधी बळी पडतात. शेकडो वर्षं वाढलेली वसाहत काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत संपते. नेमका जंतू अजून हाती लागलेला नाही. फ्लोरिडात रोगाच्या कडेवर प्रतिजैविकाचा लेप हाताने लावतात. एकेका प्रवाळाला, एकेका डायव्हरने. त्यावरून कामाचा आवाका समजा.

त्यातच २०२३-२४ चा उष्मा. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी जागतिक लाट जाहीर केली. आपलं लक्षद्वीपही त्यात होरपळलं. आजारातून न उठलेल्या माणसाला उन्हात उभं करावं तसं झालं.

खोलपाणी
पुस्ती जोडतो. रोग आल्यावर उद्यानाने लागण झालेल्या जागा बंद केल्या होत्या आणि प्रत्येकाला दोन डाइव्हच्या मध्ये साज जंतुनाशकात बुडवायला सांगितलं होतं. @सागरगोटा, गस्त घालणारी माणसं पगारावर होती म्हणून हे जमलं.

सागरगोटा
तरी रोग पसरलाच ना?

खोलपाणी
पसरला. तो पाण्यासोबत वाहतो, त्याला कुंपण नाही. हे मी नाकारत नाही.

दांडीकर
तुमी सगळे म्हणतास ता खरा, पण माका एक सांगा. त्या बेटावरच्या मच्छीमारांका कोणी इचारल्यानी?

विचारतोय कारण आमच्याकडे १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. २९ चौरस किलोमीटर, त्यात सिंधुदुर्ग किल्ला नि पद्मगडाच्या भोवतीचा गाभा. आमच्या वाडवडिलांच्या मासेमारीच्या जागा त्यात गेल्या. गावात विरोध झाला, तो अजून पूर्ण निवळलेला नाही. आम्हाला समुद्र नको आहे असं नाही. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं, ओढणाऱ्याला समुद्र किती हवा असतो, ते शहरातून येणाऱ्याला कळायचं नाही. पण कुंपण आधी आणि चर्चा मागाहून असली, की माणूस बिथरतो. आणि झालं काय? अभयारण्य कागदावर, आणि प्रवाळावर पर्यटकांच्या बोटींचे नांगर. चार वर्षांपूर्वी मी स्वतः पाहिलंय. स्नॉर्कलिंगची बोट होती, नांगर टाकला, खाली फांद्यांचं प्रवाळ कडाकडा मोडलं. वर पोरं फोटो काढत होती. मी ओरडलो तर मलाच गप्प बसवलं.

प्रवाळवेडी
दांडीकर, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात मोलाचा. बोनेअरचंही सांगते आणि सेंट लुशिया या दुसऱ्या कॅरिबियन बेटाचंही.

बोनेअरला उद्यानात मासेमारी पूर्ण बंद नाही. गळाने मासे धरता येतात. पण पॅरटफिश धरायला २०१० पासून बंदी आहे. कारण त्याची चोच. तो दिवसभर खडकावरचं शेवाळ खरवडत असतो, आणि त्या मोकळ्या जागेवर प्रवाळाचं पिल्लू बसू शकतं. पूर्वी हे काम काळे, लांब काट्यांचे सी-अर्चिन करत. १९८३ मध्ये पनामाजवळ त्यांच्यात साथ आली आणि साधारण वर्षभरात कॅरिबियनमधले नव्वद टक्क्यांहून जास्त मेले. जेमतेम सावरत होते तर २०२२ मध्ये पुन्हा साथ. झाडूवाल्यांपैकी एक घराणंच बसलं म्हणायचं. उरला पॅरटफिश, म्हणून त्याला जपायचं.

आता सेंट लुशिया. तिथे सूफ्रिएरच्या किनाऱ्यावर मच्छीमार, डायव्हर आणि बोटवाले यांची रोजची भांडणं होती. सगळ्यांना बसवून, वाटाघाटी करून १९९५ मध्ये किनाऱ्याचे पट्टे पाडले: इथे मासेमारी, इथे डाइव्हिंग, इथे काहीच नाही. मच्छीमारांच्या जागेतला ३५ टक्के भाग बंद झाला. पहिली वर्षं त्यांना जड गेली, हे लपवायला नको. पाच वर्षांनी मोजलं तेव्हा उरलेल्या जागेत मोठ्या सापळ्यांची मासळी ४६ टक्क्यांनी आणि लहान सापळ्यांची ९० टक्क्यांनी वाढली होती. बंद जागेत मासे मोठे झाले, त्यांची वीण वाढली आणि ती कुंपणाबाहेर आली.

दांडीकर
आकडे बरे वाटले. पण 'सगळ्यांना बसवून' हे त्यातलं खरं. त्याशिवाय बाकीचं होत नाही.

प्रवाळवेडी
+१. शब्दाशब्दाशी सहमत.

टाकळा
अवांतर: बोनेअरला गाढवं खूप आहेत ना? कुठेतरी फोटो पाहिला होता, रस्त्याच्या मधोमध उभं राहून गाडीत डोकं घालणारं गाढव.

निळाई
आहेत! मिठागरांच्या कामासाठी आणलेली, मग मोकाट सुटलेली. त्यांच्यासाठी आश्रयस्थानही आहे. आमच्या पिकअपच्या खिडकीतून एकीने केळं पळवलं. तिथे किनाऱ्याला गाडी सोडताना खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि आत मौल्यवान काही ठेवायचं नाही, अशी रीत आहे. केळं मौल्यवान आहे हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. :)

खोलपाणी
हे तितकं अवांतर नाही. गाढवं आणि मोकाट बकऱ्या झाडोरा खातात, माती उघडी पडते, आणि पावसात ती थेट प्रवाळावर जाऊन बसते. गाळ बसला की प्रवाळाला ऊन मिळत नाही, श्वास कोंडतो. म्हणून उद्यान सांभाळणाऱ्या लोकांना जमिनीवरच्या कुंपणांचाही विचार करावा लागतो.

टाकळा
मग बकऱ्यांवर उपाय सोपा आहे, कोल्हापूरहून चार माणसं पाठवू.

निळाई
तिथले लोकही मागे नाहीत. बकरीच्या मटणाचा रस्सा, 'कब्रितू स्तोबा', हा घरोघरचा पदार्थ. भातासोबत खाल्ला. आपला मसाला नाही, पण मटण छान मुरलेलं होतं.

काठावरची
मी डायव्हर नाही, पण सांडपाण्यावर काम करते म्हणून विचारते. बेट चुनखडीचं असेल तर किनाऱ्यालगतच्या हॉटेलांच्या शोषखड्ड्यांचं पाणी कुठे जातं?

प्रवाळवेडी
नेमक्या जागी बोट ठेवलंत. चुनखडी म्हणजे चाळण. सांडपाणी तिच्यातून झिरपत समुद्रात जातं, त्यातल्या नायट्रोजनवर शेवाळ माजतं, आणि मग पॅरटफिशने कितीही खरवडलं तरी अपुरं पडतं. बेटावर आता शुद्धीकरण केंद्र आहे, पण पाहुणे वाढतात, घरं वाढतात, क्रूझ जहाजं येतात. @सागरगोटा, तुमच्या मुद्द्याची ही जास्त जवळची बाजू आहे. आपण पाण्यात काय करतो यापेक्षा हॉटेलच्या न्हाणीघरात काय करतो, ते समुद्राला जास्त भोवतं.

सागरगोटा
हे पटलं. धुराचं मी अजूनही सोडत नाही, पण हे मला माहीत नव्हतं.

फिनफिन
पाण्यात काय करतो तेही कमी नाही हो. सेंट लुशियातलाच एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. डायव्हरांच्या मागे राहून, कोण किती वेळा प्रवाळाला लागतो ते मोजलं. बोटीवर दिलेल्या छोट्या सूचनांनी काही फरक पडला नाही. पाण्याखाली वाटाड्याने हटकलं, तेव्हा धक्के कमी झाले. आणि कॅमेरावाले इतरांपेक्षा जास्त वेळा लागत होते. मी स्वतः कॅमेरावाली आहे. ते वाचल्यापासून पहिले दोन दिवस कॅमेरा खोलीतच ठेवते. तरंगणं अंगात मुरलं, की मगच काढते.

बोनेअरवरही १९९३ मध्ये अभ्यासकांनी आकडा काढला होता: एका जागी वर्षाला ४ ते ६ हजार डाइव्हपर्यंत प्रवाळ सोसतं, त्यापुढे झीज दिसू लागते. तेव्हाही लोकप्रिय जागा त्या आकड्याजवळ होत्या. म्हणून बोनेअरला जाणाऱ्यांना विनंती, सगळ्यांनी 'हजार पायऱ्या' आणि 'हिल्मा हुकर' याच जागांवर गर्दी करू नका.

वाटसरू
हिल्मा हुकर म्हणजे?

खोलपाणी
मालवाहू जहाज. १९८४ मध्ये ते बोनेअरला बिघडून थांबलं होतं. तपासणीत आतल्या खोट्या भिंतीमागे गांजा सापडला. मालक कुणी पुढे आला नाही, आणि सप्टेंबरमध्ये ते बुडालं. आता साधारण ३० मीटरवर कुशीवर निजलंय, मासे भाडं न देता राहतात. 'हजार पायऱ्या' प्रत्यक्षात सत्तरच्या आतबाहेर आहेत. टाकी पाठीवर घेऊन वर येताना हजार होतात.

माडाचीसावली
तिथे लायनफिश मारायला परवानगी आहे असं ऐकलं. मग भालाबंदीचं काय?

फिनफिन
लायनफिश मुळात आपल्या बाजूचा, हिंदी आणि प्रशांत महासागरातला. कॅरिबियनमध्ये त्याला खाणारं कुणी नाही, तिथल्या लहान माशांना त्याची ओळख नाही, आणि एक मादी वर्षाला वीस लाखांपर्यंत अंडी देते. बोनेअरला २००९ मध्ये पहिला दिसला. तेव्हा उद्यानाने भालाबंदी न उठवता वाट काढली: प्रशिक्षण घेतलेल्या स्वयंसेवकांनाच एक खास आखूड हत्यार देतात, आणि ते फक्त लायनफिशसाठी. काट्यांत विष असतं, मांसात नसतं. काटे कापले की चविष्ट.

दांडीकर
आमच्याकडे खडकात गावता तो. तिकडे जाऊन इतको माजलो?

खोलपाणी
घरच्या अंगणात शहाणा, परगावी मोकाट.

शिडाचीनौका
धागा आवडला. भारताच्या बाजूने एक जोडतो. विजयदुर्ग-मालवणच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटर आत 'आंग्रिया बँक' आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची. पाण्याखाली बुडालेलं पठार, माथा वीसेक मीटरवर, वर प्रवाळ. २०१९ च्या डिसेंबरात शास्त्रज्ञ तिथे जाऊन आले. तिथे ना हॉटेल, ना पिवळे दगड. जाळी मात्र पोचतात. अशा जागेला संरक्षण द्यायचं तर पैसा कुठून येणार? डायव्हर तिथे रोज जाणार नाहीत. प्रत्येक समुद्राला बोनेअरचा नमुना लागू होईल असं मला वाटत नाही.

खोलपाणी
बरोबर. कॅरिबियनमधल्याच साबा बेटाचंही वेगळं आहे. १९८७ पासून उद्यान, पण तिथे स्वतःच्या मर्जीने पाण्यात उतरता येत नाही, स्थानिक डाइव्हवाल्याबरोबरच जावं लागतं. खडा डोंगर, उघडा समुद्र, म्हणून त्यांनी तसा नियम केला. बोनेअरची मोकळीक बोनेअरलाच शोभते, आणि तिथेही आधी माहितीसत्र घ्यावं लागतं, मग तपासणीची पहिली डाइव्ह, आणि हातमोजे घालायचे नाहीत. हात उघडा असला की माणूस कशाला धरत नाही.

नर्मदेहर
निळाई, एक विचारू? माझ्या आईचं वय ६४, पोहता येतं, रक्तदाबाची गोळी चालू आहे. जावई नेदरलँड्समध्येच आहेत, बोनेअरचं चाललंय. तिला वरवर पोहून काही दिसेल का, की डाइव्हशिवाय अर्थ नाही?

निळाई
नक्की न्या काकूंना. समोरच क्लाइन बोनेअर नावाचं निर्मनुष्य बेट आहे. १९९९ मध्ये ते विकत घेऊन कायमचं मोकळं ठेवलं गेलं, नाहीतर आज तिथे हॉटेलं असती. पाण्याच्या टॅक्सीने जायचं आणि प्रवाहाबरोबर तरंगत यायचं. कासवं हमखास नाही, पण बहुतेकदा दिसतात. आधी डॉक्टरांना विचारा, तरंगायचं जाकीट घालायला सांगा, आणि उन्हासाठी क्रीम थापण्याऐवजी लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा द्या. पाण्यासाठीही ते बरं.

सागरगोटा
निळाई, मग ठरलं काय? जाणार?

निळाई
दोन दिवस सगळं पुन्हा पुन्हा वाचलं. सागरगोटा, तुमचं म्हणणं मला टाळता येत नाही, म्हणून दरवर्षी जायचा बेत रद्द केला. आता जाऊ तेव्हा एकदाच, तीन आठवड्यांसाठी. २०१२ पासून तिथे एक गट प्रवाळांच्या रोपवाटिका चालवतो. पाण्यात झाडासारखे सांगाडे उभे करतात, त्यांच्या फांद्यांना प्रवाळाचे तुकडे टांगतात आणि वाढले की खडकावर लावतात. सांगाड्यांवरचं शेवाळ घासायला माणसं लागतात. प्रशिक्षण घेतलेल्या पाहुण्या डायव्हरांनाही ते कामाला घेतात. नवऱ्याने आणि मी ते प्रशिक्षण घ्यायचं ठरवलंय.

दांडीकर, नोव्हेंबरात आम्ही भारतात आहोत. मालवणला आलो तर भेटाल? नांगर न टाकता बोटी बांधायच्या बोयांचं तिथे काय करता येईल, ते तुमच्याकडून ऐकायचं आहे.

दांडीकर
येवा. बोयांबद्दल आमच्यातल्या चारजणांचं आधीच बोलणं चाललंय. त्यांनाही बोलावतो. होडीतून दाखवतो कुठे काय मोडलंय ते.

प्रवाळवेडी
मीही येईन. आणि निळाई, जात्यावरचा तो तळहाताएवढा रंगीत तुकडा. त्याचा फोटो असेल तर तारीख टाकून जपून ठेवा. पुढच्या वेळी त्याच कोनातून दुसरा काढा.

निळाई
आहे फोटो. १४ मार्च, सकाळी साडेनऊ.